अकरा महिन्यांचं बिऱ्हाड
‘फर्निश्ड फ्लॅट’ नावाच्या भानगडीचा पंचनामा



मुंबईतल्या दलालांच्या तोंडी एक मंत्र सदा घोळत असतो : “फुल्ली फर्निश्ड!” पलंग आहे, गादी आहे, सोफा आहे, फ्रिज आहे, कपडे धुण्याचं मशीन आहे, भिंतीवर टीव्ही आहे. तुम्ही फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी या! ऐकणाऱ्याला वाटावं, हा दलाल नव्हेच, सासुरवाडीचा माणूस जावयाला दिवाळसणाला बोलावतो आहे!

आम्ही विचारतो, यात नवल ते काय? आमच्या लालबाग-परळची दहा बाय बाराची खोलीही फर्निश्डच होती! भिंतीला खुंट्या होत्या, खुंट्यांना पिशव्या होत्या, माळ्यावर गावाहून आणलेल्या ट्रंका होत्या, कोपऱ्यात मोरी होती आणि गॅलरीच्या टोकाला अख्ख्या मजल्याचा एक नळ होता. पहिल्या पाळीचा गडी वळकटी गुंडाळून कामावर निघाला, की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खाणावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराच्या दिवशी. आज त्याच खाटेला ‘पेइंग गेस्ट’ म्हणतात, ‘को-लिव्हिंग’ म्हणतात. नाव बदललं, खाट तीच!

पण त्या खोलीत एक सामान असं होतं, जे आजच्या सजवलेल्या फ्लॅटात औषधालाही सापडत नाही. त्या सामानाचं नाव ‘हक्क’. खोली ज्याच्या नावावर असे त्याला, भाडे वेळेवर भरत असेल तर, मालक वाटेल तेव्हा उचलून रस्त्यावर टाकू शकत नव्हता. आजचा फ्लॅट सोफ्याने भरलेला आहे आणि हक्काने रिकामा आहे. आमची तक्रार पलंगाबद्दल नाही. पलंगाच्या आड जे लपवलं जातं त्याबद्दल आहे.

हक्क आला कसा, गेला कसा?

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची अशी टंचाई झाली, की १९१८ साली सरकारला भाडे नियंत्रणाचा कायदा करणे भाग पडले. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरले गेले. त्यावर पागडी, नजराणा घेणे हा गुन्हा ठरला. आणि बंधूंनो, त्या कायद्यातली एक बारीक ओळ लक्षात ठेवा : ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येतच मालकाने वापरायला दिलेले फर्निचर धरले होते. का धरले असेल? कारण उघड आहे. खोलीचे भाडे दहा रुपये आणि दोन मोडक्या खुर्च्यांचे भाडे पन्नास रुपये, असली मखलाशी करायला मालकाला वाव राहू नये म्हणून!

पण कायदा एक वाट बंद करतो, तर धनदांडगा दहा वाटा काढतो. भाडे म्हटले की कायदा लागू होतो ना? मग ‘भाडे’ म्हणायचेच नाही. ‘लायसन्स’ म्हणायचे! भाडेकरू नव्हे, ‘लायसन्सी’! जागा दिली नाही हो, नुसती राहण्याची परवानगी दिली! या शब्दाच्या खेळात हजारो कुटुंबे उघडी पडली. तेव्हा १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. शब्दाचा बुरखा कायद्याने एकदा टरकावला होता, हे विसरू नका.

मग आला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. या कायद्याने तीन गोष्टी केल्या. जी पागडी कालपर्यंत गुन्हा होती, ती कायदेशीर झाली. ज्या खाजगी आणि सार्वजनिक कंपन्यांचे भरलेले भांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त, त्यांना भाडेकरू म्हणून कायद्याच्या छत्राबाहेर काढले. आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ला पक्के आसन दिले. मुदत संपली की लायसन्सीने उठायचे. नाही उठला तर ठरलेल्या रकमेच्या दुपटीने नुकसानभरपाई भरायची. हे कलम २४. त्याला प्रमाण भाडे नाही, वारसाहक्क नाही, मुदतीपलीकडे एक दिवसाचीही शाश्वती नाही. आज मुंबईत सामानासकट जी घरे भाड्याने मिळतात, ती बहुतेक याच वाटेने मिळतात.

मालकांची कैफियत

आता मालकाचे वकील म्हणतील, “अहो, तुमच्या त्या जुन्या कायद्यानेच तर मुंबईचे वाटोळे केले! भाडे गोठवले म्हणून चाळींची दुरुस्ती झाली नाही, मालकाने नवे भाड्याचे घर बांधले नाही, ज्यांच्याकडे घरे होती त्यांनी भीतीने कुलपे लावली.”

यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. चाळीचा जिना हालतो आणि छत गळते, हे आम्हांला पुस्तकातून कळायला नको. गोठवलेल्या भाड्यात इमारती कुजल्या, आणि १९६९ साली मोडक्या इमारतींसाठी सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, हे खरेच आहे. पण म्हणून इलाज काय? गळतं छप्पर शिवायचं, की छपराखालच्या माणसालाच बाहेर काढायचं? भाडे वाजवी वाढवा, दुरुस्तीचा खर्च धरा, मालकाला त्याच्या पैशावर माफक उत्पन्न मिळू द्या. या मागणीला कोणता शहाणा कामगार नाही म्हणेल? पण ‘भाडे वाजवी नव्हते’ या सबबीखाली ‘भाडेकरूला हक्कच नको’ असा निकाल लावणे, हा न्याय नव्हे. हा म्हशीचा राग पारडावर काढणे झाले!

अकरा महिन्यांचे कोडे

करार अकराच महिन्यांचा का? बारा का नाही? दलालाला विचारा. तो म्हणेल, “पद्धतच आहे तशी.” पद्धत कोणी पाडली? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवण्यासाठी देशभर अकरा महिन्यांची क्लृप्ती रूढ झाली. परंतु महाराष्ट्रात ती आता निव्वळ पोकळ आहे! १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते, की लिव्ह अँड लायसन्सचा किंवा भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. आणि ऐका : नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाईल, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर.

किती जणांना हे ठाऊक आहे? दलाल हे सांगतो का? तो सांगतो, “नोंदणीचा खर्च तुमचा, घाई करा, मागे तीन गिऱ्हाइकं उभी आहेत!”

अकरा महिन्यांचा खरा फायदा कोणाला, तो हिशेब मांडून पाहा. समजा, तुमच्या मुलाने सामानासकट घर महिना ३०,००० रुपयांना घेतले. तीन महिन्यांची अनामत ९०,०००. दलाली एका महिन्याची, म्हणजे ३०,०००. पहिले भाडे ३०,०००. पहिल्या रात्री पाठ टेकण्याआधी दीड लाख रुपये गेले! अनामत परत येईल तेव्हा येईल. दलाली मात्र गेलीच, आणि अकरा महिन्यांवर वाटली तर महिन्याला २,७०० रुपयांहून जास्त पडते. अकरा महिने संपले, मालकाने भाडे वाढवून मागितले, परवडले नाही, की पुन्हा नवा दलाल, नवा टेम्पो, पोराची नवी शाळा. याला बिऱ्हाड म्हणतात की पाठीवरचे विंचवाचे ओझे?

आता सामानाचा हिशेब. समजा, त्याच इमारतीत मोकळे घर २५,००० ला आहे. म्हणजे सामानाचे महिना ५,०००. अकरा महिन्यांचे ५५,०००, तीन करारांचे १,६५,०००. एवढ्या पैशांत तुम्ही पलंग, कपाट, फ्रिज, मशीन सगळे स्वतःच्या मालकीचे आणले असते आणि जाताना बरोबर नेले असते. इथे तीन करारांनंतरही सोफा मालकाचा, आणि त्यावर चहाचा डाग पडला तर तो मात्र तुमचा! घर सोडताना मालक यादी काढतो : गादी खराब, मिक्सर बंद, भिंतीला रंग द्यावा लागेल. आणि अनामत कापतो. वापराने जे झिजायचेच, त्याचे पैसे भाड्यात आधीच वसूल झालेले असतात. तेच पुन्हा अनामतीतून काढायचे! एकाच बैलाची दोनदा कातडी सोलण्याचा हा धंदा आहे.

‘हेवी डिपॉझिट’ची विहीर

आपल्या गिरणगावात आणखी एक प्रकार चालतो. “भाडंच नको हो, हेवी डिपॉझिट द्या.” काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, महिना भाडे शून्य किंवा नाममात्र, आणि मुदत संपली की रक्कम परत. ऐकायला अमृतासारखे! गावची जमीन विकून, बायकोचे दागिने मोडून, फंडाची रक्कम काढून आपली माणसे हे पैसे देतात. पण मालकाने ते पैसे कधीच मुलीच्या लग्नात नाहीतर कर्जात घातलेले असतात. तुमची रक्कम परत करायला त्याला पुढचा ठेवीदार सापडावा लागतो. तो नाही सापडला तर? तुम्ही घर सोडले तर पैसे बुडाले, नाही सोडले तर दुप्पट भरपाईची नोटीस. इकडे आड, तिकडे विहीर! आणि त्यातून करारात रक्कम कमी दाखवून बाकीचे रोख घेतलेले असले, तर त्या रोखीचा पुरावा काय? वरच्या विठोबाची साक्ष कोर्टात चालत नाही.

“तुमचं आडनाव काय?”

पैसे असूनही घर मिळत नाही, ही तिसरी तऱ्हा. फोनवर सगळे गोड असते. मग प्रश्न येतो : “आडनाव काय? मासे-मटण खाता का?” उत्तर ऐकले, की घर ‘आत्ताच गेले’! ज्या शहराचे पहिले रहिवासी कोळी, त्या शहरात बोंबलाच्या वासाने कोणाची इमारत बाटते म्हणे!

पण बंधूंनो, इथे आपल्याला आपल्याच घरातही पाहिले पाहिजे. हाच दरवाजा मुसलमानाच्या तोंडावर आपटला जातो, दलिताच्या तोंडावर आपटला जातो, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीच्या तोंडावर आपटला जातो. आणि आपटणारा हात दर वेळी परक्याचाच असतो असे नाही. चाळीचा पुनर्विकास झाला, आपल्यापैकी एखाद्याला पाचशे फुटांचे घर मिळाले, तो मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेला आणि मुंबईचे घर पलंग-कपाट टाकून भाड्याने देऊ लागला, की त्याच्याही जिभेवर तेच प्रश्न येतात! काल ज्याला जिन्यावर उभे केले गेले, तो आज दुसऱ्याला जिन्यावर उभा करतो. गिरणीतही साचेखात्यात दलिताला बराच काळ धागा जोडू दिला जात नव्हता, हे विसरू नका. आज घर देताना तरी अक्कल नको का?

जमीन कोणाची, टॉवर कोणाचा?

हे सगळे घडते कुठे? जिथे तुमचे साचे होते तिथेच! १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण जमीन कुठे गेली नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत असे ठरले, की गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ साली नियम फिरवला. वाटणी अख्ख्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्याची! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. लोकांच्या वाट्याची भाकरी होती, ती चतकोर झाली.

त्याच सुमारास, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या विकल्या गेल्या. कोहिनूर क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटींना, ज्युपिटर २७६ कोटींना, मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटींना. या सार्वजनिक मालकीच्या गिरण्या होत्या, बरे का! आज गिरण्यांच्या जमिनींवर जे मनोरे उभे आहेत, त्यांतले फ्लॅट सजवून भाड्याने मिळतात. आणि गेटावर निळा गणवेश घालून वहीत नावे लिहिणारा पोरगा कोण? कित्येकदा तो त्याच गिरणीतल्या बदली कामगाराचा नातू असतो.

कामगाराला काय मिळाले? सोडती! २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली, २०२० साली ३,८९४ घरांची. अर्ज मात्र सुमारे पावणेदोन लाख. बाकीच्यांना मुंबईबाहेर, बदलापूरच्याही पलीकडे, शेलू आणि वांगणीची वाट दाखवली. त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार पुन्हा आझाद मैदानात उतरले. ज्यांनी मुंबईला कापड नेसवले, त्यांना मुंबईची वेस ओलांडायला सांगायचे, ही कोणती रीत?

आणि भाड्याच्या सरकारी घरांचे काय झाले? सरकारला भाड्याची घरे बांधता येतात, याचा दाखला वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला उभा होता. १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी! खोली १६० फुटांची, पण भाड्याची आणि हक्काची. स्वराज्यातही गृहनिर्माण मंडळाने औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती बांधल्या. मग हळूहळू सरकार घरबांधणीतून विक्रीत शिरले. २००८ साली पुन्हा भाड्याच्या घरांची योजना निघाली, पण त्यातली पनवेलजवळच्या कोनची घरे २०१६ साली सोडतीत विकायला काढली. एका अडचणीतल्या माणसाचे घर काढून दुसऱ्या अडचणीतल्या माणसाला दिले, की दोघांचाही प्रश्न सुटला असे समजायचे!

तेव्हा करायचे काय?

रडत बसण्याने अनामत परत येत नाही. घरातल्या प्रत्येक पोराला, सुनेला, भाच्याला पुढील गोष्टी पाठ करायला लावा :

एक. करार नोंदवल्याशिवाय किल्ली घेऊ नका. कलम ५५ चे नाव घ्या, मालकाचा सूर आपोआप खाली येतो.

दोन. बयाणा देण्याआधी मालक खराच मालक आहे का, ते पाहा. सोसायटीचे भागपत्र, विजेचे बिल, ओळखपत्र मागा. दुसऱ्याच्या फ्लॅटची किल्ली दाखवून पैसे उकळणारे भामटे कमी नाहीत.

तीन. सामानाची यादी कराराला जोडा. किती पंखे, कोणता फ्रिज, गादीवर डाग आहे, कपाटाचे दार निखळले आहे, सारे लिहा. फोटो काढा, मीटरचा आकडा टिपा. वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे कापले जाणार नाहीत, हे वाक्य घालून घ्या.

चार. अनामत बँकेतूनच द्या, आणि पुरी रक्कम करारात लिहा. ती किती दिवसांत परत, तेही लिहा. रोख दिलेला रुपया हा दिलेला रुपया नव्हे.

पाच. मुदत संपत आली, की महिनाभर आधी नूतनीकरण करा किंवा दुसरे घर पाहा. तोंडी “राहा हो अजून” यावर विसंबू नका. दुप्पट भरपाईचे कलम कागदावर आहे, तोंडावर नाही.

सहा. तुम्ही स्वतः घर भाड्याने देत असाल, तर सोसायटी ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, असा सरकारी आदेश २००१ पासून आहे. तुमची लूट थांबवा, आणि तीच लूट तुमच्या लायसन्सीवर ढकलू नका.

आणि सरकारकडे आमचे मागणे स्वच्छ आहे. केंद्राने २०२१ साली जो नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. त्या कायद्यातले मालकधार्जिणे आम्हांला नको, पण अनामतीची ही मर्यादा आमच्या कायद्यात घाला. मालकाला घर खाली करून मिळावे म्हणून कलम २४ खाली सक्षम अधिकारी आहे ना? मग लायसन्सीला अनामत परत मिळावी म्हणून तसाच अधिकारी द्या! मालकाला जलद न्याय आणि राहणाऱ्याला दिवाणी कोर्टाची पायरी, हा पंक्तिप्रपंच बंद करा. आणि सरकारी ताब्यातल्या गिरण्यांच्या जमिनीवर घरे विकायला नव्हे, भाड्याने द्यायला बांधा. वाजवी भाडे, पक्की पावती, लांब मुदत.

बंधूंनो, गिरणीत एकट्याने साचा बंद केला तर मुकादम हाकलून देई. सगळ्या खात्याने बंद केला, की मॅनेजर खाली उतरून येई. घराचेही तसेच आहे. आज प्रत्येक लायसन्सी आपल्या अकरा महिन्यांत एकटा कोंडलेला आहे. शेजारच्या दाराआड काय भाडे आहे, किती अनामत बुडाली, त्याला ठाऊक नाही. दारे वाजवा! इमारतीगणिक, गल्लीगणिक लायसन्सींची यादी करा, बुडवलेल्या अनामतींची वही करा, आणि ती वही घेऊन आमदाराच्या दारात शंभर जण उभे राहा.

सोफा मालकाने खुशाल आपल्याकडे ठेवावा. आम्हांला हक्क द्या!

नोंदणी करा! पावती घ्या! एकजूट बांधा!